तिरकिट हातात बसतं कसं: मोठेपणी तबला शिकणाऱ्यांसाठी रियाजाची मांडणी

चाळिशीच्या आसपास तबल्याच्या क्लासला नाव घालणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. रात्री तासभर घासलं, शेवटी शेवटी तिरकिट हा चार आघातांचा बोल अगदी मोकळा पडत होता, आणि दुसऱ्या दिवशी बसलो तर पुन्हा जैसे थे. मग वयावर खापर फुटतं. वयाने शिकण्याचा वेग थोडा कमी होतो हे खरं आहे, पण इथे घोटाळा बहुतेक वेळा मोजण्यात असतो. एका बैठकीत तोच बोल पन्नासदा वाजवल्यावर येणारी सफाई त्या घडीपुरती असते: बोटं गरम झालेली, बोल ताजा, हात रुळावर आलेला. मेंदू किती शिकला ते कळतं दुसऱ्या दिवशी, थंड हाताने वाजवलेल्या पहिल्या आवर्तनात. खालची सगळी मांडणी त्या पहिल्या आवर्तनासाठी आहे. त्यासाठी आजची बैठक थोडी अडखळत गेली तरी चालेल.

उदाहरणाला क्लासमध्ये बहुतेकांना सुरुवातीलाच भेटणारा कायदा (विस्तार करत वाजवायची बोलांची ठरावीक रचना) घेऊ: धाधा तिरकिट धाधा तूना । ताता तिरकिट धाधा धिना. एका मात्रेत दोन धा, आणि पुढच्याच मात्रेत चार आघात. नवशिक्यांची गाडी नेमकी तिथे अडते.

आधी मेंदूतली कामाची वाटणी

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणावर फिट्स थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंचा काही भाग काढला गेला. त्यानंतर त्याच्या नव्या आठवणी टिकेनात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात स्पष्टपणे सुधारला, पण हे काम आपण आधी कधी केलंय याची त्याला आठवण नव्हती. हात शिकत होता, माणसाला पत्ता नव्हता.

तबल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. कायदा समजणं, लिहून घेणं, पाठ होणं हे एक खातं. तो हातात बसणं हे दुसरं. पहिलं खातं अर्ध्या तासात भरतं म्हणून दुसरंही भरलंय असं वाटतं.

दुसऱ्या खात्यात तिघेजण काम करतात. मोटर कॉर्टेक्स स्नायूंना हुकूम देतं. कुठली हालचाल कधी सुरू करायची आणि कुठली दाबून ठेवायची याचा निवाडा मेंदूच्या आतल्या बेसल गँग्लियात होतो. तिथे डोपामिन ‘अपेक्षेपेक्षा बरं झालं’ किंवा ‘अपेक्षेपेक्षा वाईट’ हा शेरा मारतं. आणि मानेच्या वर, मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू. तबलजीसाठी हा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण अचूक वेळ साधण्यात त्याचा मोठा वाटा आहे. हालचालीचा परिणाम काय होईल याचा अंदाज तो आधीच बांधतो आणि प्रत्यक्ष परिणामाशी ताडून पाहतो. तफावत निघाली की चुकीचा संदेश त्याच्या पर्किंजे पेशींपर्यंत जातो आणि त्या घडीला ज्या जोडण्या चालू होत्या त्या किंचित कमकुवत होतात. डेव्हिड मार यांनी १९६९ साली या कल्पनेचा पाया घातला, जेम्स अल्बस यांनी १९७१ साली ती जोडण्या कमकुवत होण्याच्या या रूपात मांडली आणि पुढे जपानच्या मासाओ इतो यांनी पेशींच्या पातळीवर तिला आधार मिळवून दिला.

म्हणजे चूक हाच लहान मेंदूचा कच्चा माल. पण ती ऐकू यायला हवी, आणि ऐकू यायला आधी कानात बरोबर आवाजाचा अंदाज हवा. टीव्ही बघत बोटं चालवणाऱ्याकडे अंदाजही नसतो आणि तफावतही.

पायरी पहिली: तबला लावा, मग तोंड उघडा

सुरात नसलेल्या तबल्यावर रियाज करू नये. शिस्तीचा मुद्दा बाजूला ठेवा. उतरलेल्या पुडीवर बरोबर पडलेलं बोटही बसकं ऐकू येतं, आणि मेंदूला खोटी चूक कळते. पावसाळ्यात पुडी हवेने सैल होते, तेव्हा रोजची पाच मिनिटं हातोडी घेऊन गट्टे ठोकण्यात गेली तर ती वाया गेली असं समजू नका.

मग पढंत. हाताने टाळी-खाली धरून कायदा तोंडाने म्हणायचा, आणि तोही सपाट नाही. ‘ताता’ला डग्गा (डाव्या हाताचं घुमणारं वाद्य) बंद आहे हे आवाजातून कळलं पाहिजे, ‘धाधा’ला घुमार आला पाहिजे. जे तोंडातून लयीत निघत नाही ते हातातून निघण्याची आशा सोडा. आपल्याकडचे जुने गुरू पढंतीवर अडून बसत, त्याला प्रयोगशाळेतूनही दुजोरा मिळतो. १९९५ साली अल्वारो पास्क्वाल-लिओन यांच्या गटाने लोकांना पियानोचा पाच बोटांचा एक पाठ रोज दोन तास, असे पाच दिवस दिला. काहींनी तो प्रत्यक्ष वाजवला, काहींनी नुसता मनात. दोन्ही गटांत मोटर कॉर्टेक्समधला बोटांचा नकाशा विस्तारला. मनात वाजवणारे हाताने वाजवणाऱ्यांच्या मागे होते, पण पुढे एकदाच प्रत्यक्ष सराव मिळाल्यावर त्यांनी बरंच अंतर भरून काढलं.

लोकलमध्ये मांडीवरच्या बॅगेवर बोटं न हलवता आख्खा कायदा मनात वाजवता येतो. कुठली बोटं, डग्गा कुठे बंद, कुठे उघडा, सगळं. मनात जिथे धूसर होतं तिथेच हातातही अडकतं, हे ताडून बघा. रात्री दहानंतर शेजाऱ्यांच्या भीतीने बसता येत नाही असं म्हणणाऱ्यांनाही हा रियाज खुला आहे.

पायरी दुसरी: निकास, म्हणजे बोल काढण्याची पद्धत, आणि लक्ष कुठे ठेवायचं

तिरकिटमध्ये साधारणपणे ‘ति’ला मधलं आणि अनामिका शाईवर (पुडीवरच्या काळ्या गोलावर), ‘र’ला तर्जनी, ‘कि’ला डावा पंजा डग्ग्यावर सपाट, ‘ट’ला पुन्हा उजवी मधली बोटं. घराण्यागणिक आणि गुरूगणिक यात फरक पडतो. तुम्हाला जो क्रम दिलाय तोच धरा. दोन व्हिडिओ बघून दोन क्रम मिसळले तर मेंदूला दोन वेगळ्या हालचाली अर्ध्या-अर्ध्या शिकाव्या लागतात.

नवशिक्याचा खांदा वर चढतो, कोपर अंगाला चिकटतं, मनगट लाकूड होतं. याची लाज वाटायचं कारण नाही. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी म्हटलंय की हाताला इतके सांधे आणि इतक्या दिशा असतात की त्या सगळ्या एकदम सांभाळणं मेंदूला झेपत नाही. म्हणून तो सुरुवातीला काही सांधे कुलूपबंद करतो आणि सराव होईल तसे उघडतो. तेव्हा पहिल्या आठवड्यात ताठपणा चालेल. तिसऱ्या महिन्यातही तो तसाच असेल तर वेग घाईने वाढवला गेलाय.

सुटायचा उपाय मात्र ‘मनगट सैल सोड’ असं स्वतःला बजावणं हा नव्हे. हालचालीवर लक्ष दिलं की ती बिघडते आणि परिणामावर दिलं की सुधारते, हे गॅब्रिएल वुल्फ यांनी १९९८ पासून निरनिराळ्या कौशल्यांत दाखवलंय. तबल्यात परिणाम म्हणजे आवाज. ‘ट’ सुका आणि मिटलेला ऐकायचाय, ‘ना’ किनारीवर टणत्कारायला हवा, डग्ग्याचा घुमार ‘ति’ येण्याआधी संपायला हवा: लक्ष तिथे. बोटांकडे बघायचं ते फक्त सुरुवातीला, जागा कळेपर्यंत.

पायरी तिसरी: लय इतकी खाली की चूक पकडता येईल

मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक देणारं यंत्र) किंवा लेहऱ्याचं (तालासोबत फिरत राहणाऱ्या धुनेचं) अॅप मिनिटाला ४० मात्रांवर लावा. कायदा वर लिहिल्याप्रमाणे मात्रेला एक जोडी. या लयीत तिरकिटच्या प्रत्येक आघाताला साधारण एक तृतीयांश सेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळतो, आणि कुठला आघात घसरला ते कानाला पकडता येतं. ज्या लयीत ‘काहीतरी चुकलं’ एवढंच कळतं, नेमकं काय ते कळत नाही, ती लय रियाजाला निरुपयोगी.

चुकल्यावर काय करता याकडे बघा. बहुतेकजण कायद्याच्या तोंडापासून पुन्हा सुरू करतात. त्यामुळे पहिलं ‘धाधा’ शंभरदा वाजतं, ते आधीपासूनच छान होतं. आणि अडलेली जागा पाचदाच. त्याऐवजी जोड शोधा. माझ्या पाहण्यात तिरकिट सुटं वाजवताना फार कोणी चुकत नाही. चूक असते ‘धा’वरून ‘ति’वर जाताना, कारण बोट किनारीवरून शाईवर यायचंय, किंवा ‘ट’वरून पुढच्या ‘धा’ला परतताना. दुसरी नेहमीची जागा म्हणजे खालीतून भरीत येणं: ‘ताता तिरकिट’ला मिटलेला डग्गा पुढच्या ‘धाधा’ला उघडायचा राहून जातो. तर ‘ट-धा’ एवढा तुकडा आठ-दहा वेळा, मग ‘किट-धाधा’, मग मागेपुढे एकेक मात्रा जोडत पूर्ण ओळ.

आणखी एक. प्रत्येक आवर्तनाआधी मनात ठरवा की या वेळी काय ऐकायचंय. आवर्तन संपल्यावर आधी स्वतः सांगा काय चुकलं, मग मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐका. क्रम उलटा करू नका. गुरू किंवा यंत्र दर फेरीला चूक सांगत राहिलं तर शिकणारा त्यावर विसंबतो आणि ती सोय काढून घेतली की कोसळतो, हे १९८०च्या दशकापासून वारंवार दिसलंय. चार-पाच फेऱ्यांतून एकदा रेकॉर्डिंग पुरे.

पायरी चौथी: थोडं, रोज, आणि मध्ये सोडून

आपल्याकडे चाळीस दिवसांच्या चिल्ल्याच्या आणि दिवसाला बारा तासांच्या रियाजाच्या कथा आदराने सांगितल्या जातात. त्या खोट्या म्हणायचं नाही. पण त्या मंडळींचं बालपण तबल्याजवळ गेलेलं असतं आणि दिवसभर दुसरं कामही नसतं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने रविवारी चार तास बसून आठवड्याची भरपाई करायला जाऊ नये.

ब्रिटिश टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना १९७०च्या दशकात ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी चार वेळापत्रकं लावून पाहिली. दिवसाला एक तास शिकणाऱ्यांना तेवढंच कौशल्य यायला, दिवसाला दोन-दोन तासांच्या दोन बैठका करणाऱ्यांपेक्षा एकूण तास बरेच कमी लागले. गंमत अशी की सर्वांत नाराज हेच एक तासवाले होते. दिवसांच्या हिशेबात आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं.

वीस-पंचवीस मिनिटांच्या दोन बैठका, शक्य तर एक सकाळी आणि एक संध्याकाळी, एवढं पुरतं. आतही मिनिटभर वाजवून अर्धा मिनिट हात मांडीवर. लक्ष उडालं की उठा. कंटाळून वाजवलेली आवर्तनं मेंदू टाकून देत नाही, तीही तो शिकतो.

पायरी पाचवी: पलटे म्हणजे फुरसतीचा खेळ नाही

१९९५ साली अवी कार्नी आणि सहकाऱ्यांनी बोटांचा एक ठरावीक क्रम रोज दहा-वीस मिनिटं करून घेतला. काही आठवड्यांत त्या क्रमासाठी मोटर कॉर्टेक्सचा मोठा भाग कामाला लागू लागला. पण त्याच बोटांनी वेगळा क्रम वाजवायला सांगितला तर तो फायदा दिसेना. एका कायद्यात तयार झालेला हात दुसऱ्यात आपोआप येत नाही, हे तबलजींना ठाऊकच असतं.

यावर आपल्या परंपरेने काढलेला तोडगा म्हणजे पलटे. धाधा तिरकिट धातिर किटधा, धातिर किटधा तिरकिट तूना… तेच बोल, शेजारी बदललेले. तिरकिट कधी धा नंतर येतं, कधी स्वतःच्याच पाठीवर. बर्नस्टाइन सरावाला ‘पुनरावृत्ती नसलेली पुनरावृत्ती’ म्हणत: दर वेळी उत्तर पाठ म्हणायचं नाही, पुन्हा शोधायचं. पलटा तेच करायला लावतो.

१९७९ मध्ये शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन हालचाली एका गटाला एकेक करून दिल्या, दुसऱ्याला मिसळून. सरावाच्या वेळी मिसळणारे मंद होते. नंतर परीक्षा घेतली तेव्हा तेच पुढे निघाले. म्हणून मुखडा, म्हणजे कायद्याची मूळ ओळ, नीट बसल्यावर (आधी नव्हे) दोन आवर्तनं मुखडा, दोन पहिला पलटा, मध्येच तीनतालाचा साधा ठेका, मग दुसरा पलटा, परत मुखडा, असं वाजवा. अडखळाल. अडखळायलाच हवं.

मात्र दोन कोरे कायदे एकाच दिवशी घेऊ नका. एक हालचाल शिकल्यावर लगेच तिच्या विरुद्ध जाणारी दुसरी शिकवली तर पहिली पुसट होते आणि मध्ये चार तास गेले तर टिकते, असं ब्रॅशर्स-क्रुग, शॅडमेर आणि बिझी यांना १९९६ साली दिसलं. मिसळायचं ते ओळखीचं. नवं एकटंच राहू द्या.

पायरी सहावी: झोप

मॅथ्यू वॉकर यांच्या २००२ सालच्या प्रयोगात बोटांचा क्रम शिकलेल्या लोकांचा वेग रात्रीच्या झोपेनंतर सरासरी २० टक्क्यांच्या आसपास वाढला होता. जागेपणी तेवढेच तास गेले तर वाढला नव्हता. पुढच्या अभ्यासकांनी या आकड्याला कात्री लावली, त्यात थकवा उतरल्याचाही वाटा असतो म्हणाले, आणि ते पटण्यासारखं आहे. तरीही परीक्षेच्या आदल्या रात्री एकपर्यंत घासून पहाटे उठणाऱ्यांना मी हाच सल्ला देतो की दहा वाजता कायदा एकदा संथ लयीत म्हणा आणि झोपा.

पायरी सातवी: वेग

वेग हा संथ लयीचं बक्षीस म्हणून आपोआप मिळतो असं म्हणतात. अर्धं खरं आहे. संथ लयीत तिरकिट म्हणजे चार वेगळे हुकूम. द्रुत लयीत ते चार हुकूम एकेक करून देण्याइतका वेळच नसतो, त्यामुळे मेंदूला चारांची एक जुडी बांधावी लागते. संथ सरावाने निकास घडतो. जुडी बांधायला वेगाची चव लागते.

म्हणून दोन वाटांनी जा. पहिली: ज्या लयीत सलग चार आवर्तनं स्वच्छ गेली तिच्यात मिनिटाला चार मात्रा वाढवा, बिघडलं की आठ उतरवा. दुसरी: फक्त एक तिरकिट आणि त्यापुढचा धा, जवळजवळ चौगुनीच्या, म्हणजे चौपट, वेगाने, आणि लगेच थांबा. दोन सेकंद हात पूर्ण सैल. पुन्हा एकदा. असे दहा झटके, यापुढे नाही. मग दोन तिरकिट आणि धा.

वेगात डाव्या-उजव्या हाताची एक खोड उघडी पडते. स्कॉट केल्सो यांनी १९८४ साली मांडलेल्या प्रयोगात दोन्ही तर्जन्या आलटून-पालटून हलवायला सांगून वेग वाढवत नेला. एका टप्प्यावर त्या आपसूक एकत्र, आरशासारख्या हलू लागल्या. मेंदूला दोन हात जुळवून हलवणं सोपं जातं. तिरकिटमध्ये डावा ‘कि’ उजव्या दोन आघातांच्या बरोबर मध्ये यायचा असतो, आणि वेगात तो ‘ट’वर जाऊन आदळतो. ऐकणाऱ्याला तिरकिटऐवजी तीनच आघात ऐकू येतात. उपाय म्हणून एक आठवडा ‘कि’ जरा ठळक वाजवा, जणू सम (तालाची पहिली मात्रा) तिथेच आहे.

पायरी आठवी: लोकांसमोर

घरी येतं आणि गुरूंसमोर येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हे की समोर कोणी बसलं की आपण पुन्हा बोटांवर पहारा ठेवू लागतो. जुडीत बांधलेली हालचाल सुटी करून तपासायला गेलं की ती विस्कटते. तेव्हा कानाला दुसरं काम द्या: लेहऱ्याच्या सुरावर चिकटा, समेकडे बघा. आणि घरीच याची सवय करा. महिन्यातून दोनदा घरच्या कोणाला समोर बसवून, हात गरम न करता, थेट वाजवा. चुकलं तरी न थांबता तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर या. चुकीतून सावरणं हेही सरावानेच येतं.

वही, दुखणं आणि खंड

वहीत रोज एकच ओळ लिहा: आज थंड हाताने किती लयीत चार आवर्तनं स्वच्छ गेली. बैठकीच्या शेवटी गाठलेला वेग लिहू नका, तो फसवतो. हा आकडा सुरुवातीला भराभर चढेल, मग आठवडेच्या आठवडे जागचा हलणार नाही. ई. आर. एफ. डब्ल्यू. क्रॉसमन यांनी १९५९ साली सिगार वळणाऱ्या बायकांच्या कामाचा वेग तपासला तेव्हा लाखो सिगारनंतरही तो वाढतच होता, फक्त वाढ बारीक होत गेली होती. सोलापूरच्या विडी कामगार बायकांना हे सांगायला प्रयोग लागला नसता.

मनगटात किंवा कोपरात दुखलं तर त्या दिवसाचा रियाज संपला. आठवडाभरात थांबलं नाही तर डॉक्टर. वेदना नसताना एखादं बोट आपसूक आत वळू लागलं किंवा ऐकेनासं झालं तर जास्त जपा. वादकांना होणाऱ्या डिस्टोनियात असं होतं, आणि तिथे आणखी घासल्याने उलट बिघडण्याची भीती असते. मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा.

खंड पडतोच. गणपतीत घर भरलेलं असतं, दिवाळीत गावी जावं लागतं, परीक्षा मुलांच्या असल्या तरी तबला आपला बंद होतो. तीन आठवड्यांनी बसलात की हात गेलाय असं वाटेल. तो पूर्ण जात नाही. एकदा शिकलेलं परत शिकायला पहिल्यापेक्षा खूप कमी वेळ लागतो. वहीत शेवटचा आकडा बघा, त्याच्या निम्म्या लयीत सुरू करा, पहिले दोन दिवस फक्त मुखडा आणि पढंत ठेवा, आणि पलट्यांना तिसऱ्या दिवशी हात घाला.